मुळांवरच्या गाठी आणि ‘प्रतिकारक वाणा’चे मिथक : नीरेच्या कालव्याखालील दीडशे वर्षे

१/२४
डाळिंबाची तीन वर्षांची बाग. ठिबकचे पाणी चालू असूनही भर दुपारी पाने मलूल, फुटवा खुजा, फळे सुपारीएवढी. एखादे झाड उपटून पाहिले, तर पांढऱ्या मुळ्यांच्या जागी माळेतल्या मण्यांसारख्या गाठी. इंदापूर आणि बारामती तालुक्यांत हे दृश्य आता नवलाचे राहिलेले नाही. अशा बागेच्या बांधावर दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले : ‘आमच्या आज्याच्या वेळी हे नव्हतं.’ दुसरे : ‘प्रतिकारक वाण लावा, प्रश्न मिटला.’ दोन्ही वाक्ये आत्मविश्वासाने उच्चारली जातात आणि दोन्ही इतिहासाच्या कसोटीवर लंगडी पडतात. हा थ्रेड त्या दोन्हींच्या विरोधात आहे.

२/२४
प्रथम आरोपीची ओळख. मुळांवर गाठी करणारा सूत्रकृमी, शास्त्रीय कुळनाम मेलॉयडोगायनी. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. ते कोवळ्या मुळीत शिरते, एका जागी बसते आणि आपल्या लाळेतील द्रव्यांनी मुळीच्या काही पेशींना राक्षसी आकाराच्या बनवते. झाडाचे अन्न मग त्या पेशींतून कृमीच्या पोटात जाते. मादी चिकट पिशवीत शेकडो अंडी घालते. उबदार, ओलसर मातीत हे चक्र साधारण महिन्याभरात पूर्ण होते. दोन हजारांहून अधिक वनस्पती याचे भक्ष्य आहेत. त्यात टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी, डाळिंब, पेरू, द्राक्ष, ऊस असे सगळेच आले.

३/२४
‘हा नव्या युगाचा रोग आहे’ या समजुतीला पहिला छेद तारखाच देतात. १८५५ मध्ये इंग्लंडमधील पाद्री आणि वनस्पतितज्ज्ञ माइल्स बर्कली यांनी काचघरातील काकडीच्या मुळांवर अशा गाठी नोंदवल्या. १८७९ मध्ये फ्रान्समध्ये मॅक्सिम कॉर्न्यू यांनी एका चारापिकाच्या मुळांत हाच प्रकार पाहिला. १८८७ मध्ये एमिल गेल्डी यांनी ब्राझीलमधील कॉफीच्या मळ्यांतील मर अभ्यासली आणि कृमीला ‘मेलॉयडोगायनी’ हे नाव दिले. त्या काळी संकरित बियाणे बाजारात नव्हते आणि युरिया कोणी शेतात टाकत नव्हता. ज्यांना हा कृमी ‘हायब्रीडचे पाप’ वाटतो, त्यांनी या तीन सालांचे काय करायचे ते सांगावे.

४/२४
या यादीतील एक साल बारामतीकरांनी विशेष लक्षात ठेवावे असे आहे : १८८५. त्या वर्षी जावा बेटावर मेल्खियोर ट्रॉइब या डच वनस्पतितज्ज्ञाने उसाच्या मुळांतील सूत्रकृमीचे वर्णन केले. आज जगभर ‘जावानिका’ म्हणून ओळखली जाणारी प्रजाती ती हीच. आणि त्याच सुमारास, जावापासून हजारो मैल दूर, वीर येथील बंधाऱ्यातून नीरा डावा कालवा पुरंदर, बारामती आणि इंदापूरच्या कोरड्या रानांत पाणी सोडू लागला होता. एका टोकाला उसाच्या शत्रूची ओळख पटत होती. दुसऱ्या टोकाला उसाला नवे घर मिळत होते. या दोन बातम्या एकमेकींना भेटायला फार काळ लागला, आणि त्या विलंबाची किंमत आजच्या बागा मोजत आहेत.

५/२४
पण इंदापूरच्या मातीची कथा कालव्याच्याही आधी सुरू होते. महसुलाच्या इतिहासात या तालुक्याचे स्थान अनन्य आहे. पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने रॉबर्ट प्रिंगल यांच्याकडून जमिनीची मोजणी आणि आकारणी करून घेतली. ती १८३० च्या आसपास इंदापुरात लागू झाली आणि अंगलट आली. निव्वळ उत्पन्नाचे कागदी गणित बरोबर होते, पण रयतेला ते पेलवेना. जमिनी पडीक पडल्या, कुटुंबे शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेली. तेव्हा १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापुरातच नवी पाहणी केली. पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र लागू झालेल्या, तीस वर्षांच्या मुदतीच्या रयतवारी पद्धतीचा पाया इथे घातला गेला.

६/२४
या पद्धतीत मातीची प्रतवारी होती. जमिनीची खोली, रंग व पोत पाहायचे, मग दोष वजा करायचे : चुनखडी, रेतीची भेसळ, उतार, पाणी साचणे. त्यावरून जमीन नऊ प्रतींपैकी एकीत बसवायची आणि आण्यांत तिचे मोल ठरवायचे. आपल्या काळाच्या मानाने हे काम विलक्षण काटेकोर होते. मात्र त्याची नजर सरकारी देण्यावर खिळलेली होती. माती म्हणजे न हलणारे, न बदलणारे भांडवल, हा त्यामागचा सिद्धान्त. मातीत काय जगते, काय वाढते, पीक बदलले की तिच्यात काय बदलते, हे प्रश्न त्या कागदावर नव्हते. १८३६ मध्ये नसणे क्षम्य आहे. आजच्या माती परीक्षणाच्या अहवालातही बहुधा सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि नत्र-स्फुरद-पालाश एवढेच असते, हे मात्र क्षम्य नाही.

७/२४
मध्यंतरीच्या चाळीस वर्षांत कापसाची तेजी आली आणि ओसरली, कर्जे वाढली. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे, तेव्हाच्या भीमथडी आणि आजच्या बारामती तालुक्यात, शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. दख्खनच्या दंग्यांची ठिणगी ती. वर्षभरातच १८७६ चा दुष्काळ कोसळला. दुष्काळी कामांवर राबलेल्या हातांनी नीरेचा कालवा खोदला, वेळवंडी नदीवर भाटघरचे धरण उभे राहिले. म्हणजे कालवा हे भुकेला आणि कर्जाला दिलेले उत्तर होते. त्या उत्तराची थोरवी नाकारणे हा कृतघ्नपणा ठरेल. हा थ्रेड पाण्याच्या विरोधात नाही. उत्तर दिल्यावर पुढचे प्रश्न विचारायचेच नाहीत, या सवयीच्या विरोधात आहे.

८/२४
कालव्याचे पाणी सुरुवातीला अनेकांनी घेतले नाही. पाणीपट्टी परवडेना, भांडवल नव्हते, आणि बाजरी-ज्वारीला पाणी विकत घेऊन करायचे काय? ते पाणी उसाला वळवले ते बागायतीची परंपरा असलेल्या कुटुंबांनी, त्यांत सासवडकडून आलेल्या माळी बागायतदारांचा वाटा ठळक होता. पुढे १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसले, नंतर सहकारी कारखान्यांची धुराडी उभी राहिली, १९८० च्या सुमारास उजनीचे पाणी भीमाकाठी साठले. कोरडवाहू तालुक्यांचा चेहरा पालटला. उसाखालची जमीन वर्षभर ओली राहू लागली, आणि खोडव्यामुळे जिवंत मुळ्या एकाच जागी दोन-तीन वर्षे राहू लागल्या.

९/२४
आता ‘आज्याच्या वेळी हे नव्हतं’ या वाक्याकडे परत येऊ. ते निम्मे खरे आहे, म्हणूनच फसवे आहे. भारतात या कृमीची पहिली शास्त्रीय नोंद १९०१ ची. मद्रास इलाख्याचे वनस्पतितज्ज्ञ सी. ए. बार्बर यांनी निलगिरीतील देवाला येथे चहाच्या मुळांवर ती केली. १९०६ मध्ये बटलर यांनी दक्षिणेतील मिरीच्या वेलांवर ती पाहिली. कृमी तेव्हाही या भूमीत होता. आज्याच्या रानात त्याला जे मिळत नव्हते ते म्हणजे बारमाही ओल आणि बारमाही मूळ. शाळू काढल्यावर रान तापायचे, नांगरट उन्हात पडायची, ढेकळे मृगापर्यंत भाजून निघायची. अन्नावाचून आणि ओलीवाचून अंडी व पिल्ले मरत. आज्याचे यश परिस्थितीचे होते.

१०/२४
त्या परिस्थितीला मराठी शेतकऱ्याने एक नावही दिले होते : बेवड. ‘हरभऱ्याचा बेवड चांगला’, ‘त्या रानाला बेवड नाही’ अशी बोली आजही बारामतीच्या जुन्या माणसांच्या तोंडी आहे. आधीच्या पिकाने जमिनीत काय मागे ठेवले, याचा हिशेब या एका शब्दात सामावतो. मात्र इथे परंपरेची अंध आरती ओवाळण्याचेही कारण नाही. हरभऱ्याचा बेवड नत्रासाठी उत्तम असला, तरी मुळांवर गाठी करणारा सूत्रकृमी हरभऱ्यावरही जगतो. बेवडाची कल्पना बरोबर, पण तिची यादी एका शत्रूसाठी बनलेली नव्हती. परंपरेने प्रश्न कसा विचारावा ते शिकवले. उत्तर प्रत्येक पिढीने आपल्या मातीत पुन्हा तपासायचे असते.

११/२४
इशारा कोणी दिलाच नाही, असेही नाही. कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षे होत नाहीत तोच, १९१० मध्ये मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हणे यांची पुस्तिका छापली. विषय होता नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनी. अतिरिक्त पाणी, निचऱ्याचा अभाव, वर चढलेली भूजलपातळी आणि पांढरी पडलेली काळी रानं, असा तो कार्यकारणभाव होता. चांगली माती चुकीच्या वापराने बदलते, हे विंगेटच्या न बदलणाऱ्या प्रतवारीला मिळालेले पहिले सणसणीत उत्तर. पण चोपण झालेली जमीन डोळ्यांना दिसते. सूत्रकृमींनी भरलेली जमीन दिसायला सुपीकच असते. दिसणाऱ्या रोगावरही ज्यांनी अर्धवट इलाज केला, त्यांनी न दिसणाऱ्यावर काय केले असेल?

१२/२४
मग ‘प्रतिकारक वाण’ या कल्पनेवर इतकी श्रद्धा आली कुठून? तिचा उगमही उसातच आहे. जावात उसाला ‘सेरेह’ नावाच्या रोगाने ग्रासले होते; ट्रॉइब यांनी मुळे तपासली ती याच रोगाच्या शोधात. संशय कृमीवर होता, पण रोगावर तोडगा निघाला नव्या जातींतून. १९२१ च्या संकरातून आलेला ‘पीओजे २८७८’ हा ऊस जगभर गाजला. इकडे १९१२ मध्ये कोइमतूरला ऊस पैदास केंद्र सुरू झाले, त्याचे सूत्रधार पुन्हा तेच सी. ए. बार्बर, त्यांच्यासोबत टी. एस. वेंकटरामन. तिथल्या ‘को ४१९’ या जातीच्या रक्तात ‘पीओजे २८७८’ आहे, आणि ‘को ४१९’ ने दख्खनच्या कालव्यांवर राज्य केले. १९३२ पासून नीरेच्या खोऱ्यात पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र काम करू लागले. वाण बदलला की संकट टळते, हा धडा दोन पिढ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. श्रद्धा निराधार नव्हती. ती नको तिथे ताणली गेली.

१३/२४
सूत्रकृमीच्या बाबतीतही वाणाने एक खरा विजय मिळवला आहे, आणि तो प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. १९४० च्या दशकात अमेरिकेत पेरूदेशीय रानटी टोमॅटोत या कृमीला दाद न देणारा गुण आढळला. साध्या टोमॅटोशी त्याचा संकर टिकेना. १९४४ मध्ये पी. जी. स्मिथ यांनी अपक्व गर्भ काचपात्रात वाढवून तो संकर जगवला. त्या एका प्रयत्नाच्या वंशात आजचे बहुतेक सूत्रकृमी-प्रतिकारक टोमॅटो येतात. त्यामागील ‘एमआय’ हे जनुक १९९८ मध्ये वेगळे करून वाचले गेले. भारतातही ‘पुसा १२०’, ‘हिसार ललित’ अशा प्रतिकारक जाती आल्या. असंख्य शेतांतून विषारी औषधे यामुळे टळली. ज्यांना विज्ञानाची टवाळी करायची आहे, त्यांना या थ्रेडमधून दारूगोळा मिळणार नाही.

१४/२४
परंतु विजयाच्या पाठीवर अटी छापलेल्या असतात आणि जाहिरातीत त्या गळतात. पहिली अट तापमानाची. मातीचे तापमान २८ अंश सेल्सिअसच्या वर गेले की ‘एमआय’ जनुकाचा पहारा ढिला पडतो आणि कृमी आत शिरून वाढू लागतो. ही गोष्ट प्रयोगशाळांत वारंवार सिद्ध झाली आहे. आता इंदापूरचे एप्रिल-मे आठवा. हवाच चाळिशीला टेकलेली असते. मुळांच्या थरातील माती २८ अंशांच्या खाली राहील, अशी अपेक्षा कोणत्या आधारावर ठेवायची? थंड प्रदेशात कवच ठरणारा गुण दख्खनच्या उन्हाळ्यात गळतो. बियाण्याच्या पाकिटावर ‘निमॅटोड-प्रतिकारक’ हा शब्द असतो. ‘कोणत्या तापमानापर्यंत’ हे शब्द नसतात.

१५/२४
दुसरी अट प्रजातीची, आणि तिच्यामागे एक बोधप्रद इतिहास आहे. १९४९ पर्यंत जगातील बहुतेक शास्त्रज्ञ गाठी करणाऱ्या सर्व सूत्रकृमींना एकच नाव देत होते : हेटेरोडेरा मेरिओनी. परिणामी एका ठिकाणी प्रतिकारक ठरलेले पीक दुसऱ्या ठिकाणी लोळण घेई आणि कोणालाच कारण कळेना. १९४९ मध्ये बेंजामिन चिटवुड यांनी दाखवून दिले की या एका नावाखाली अनेक प्रजाती दडल्या आहेत : इन्कॉग्निटा, जावानिका, अरेनेरिया, हॅप्ला आणि आणखी. त्या दिवसापासून ‘प्रतिकारक’ हा शब्द एकटा वापरणे शास्त्रीयदृष्ट्या निरर्थक झाले. प्रतिकारक, पण कोणाला? आपल्याकडील शिफारशींत, दुकानांत आणि भाषणांत तो शब्द अजूनही एकटाच फिरतो. म्हणजे कृषिज्ञानाच्या या कोपऱ्यात अजून १९४८ साल चालू आहे.

१६/२४
तिसरी अट काळाची. शत्रू स्थिर नसतो. एकच प्रतिकारक वाण वर्षानुवर्षे घेतला की त्याला न जुमानणारी कृमींची पिढी पुढे येते. ‘एमआय’ असलेल्या टोमॅटोवर वाढणारे असे कृमी निरनिराळ्या देशांत सापडले आहेत. शिवाय नवा शत्रू येतो. १९८३ मध्ये चीनच्या हैनान बेटावरून मेलॉयडोगायनी एन्टेरोलोबाय ही प्रजाती वर्णिली गेली. ‘एमआय’ जनुक तिला मुळीच अडवू शकत नाही. भारतात २०१६ च्या सुमारास तमिळनाडूतील पेरूच्या बागांत तिची नोंद झाली, आणि पुढे ती अन्य राज्यांतही आढळली. कृमी स्वतःच्या बळावर वर्षभरात फार तर मीटरभर सरकतो. राज्ये ओलांडतो तो रोपांच्या पिशवीतील मातीतून.

१७/२४
अलीकडे या वादात ओट हे चारापीक आणले जाते. दुभत्या जनावरांचा तालुका म्हणून बारामतीत रब्बीत ओट परिचयाचा आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले हरिता’सारखे वाण दिले आहेत. ‘ओट पेरा, सूत्रकृमी संपतील’ हा सल्ला ऐकायला गोड आहे : चारा मिळेल, रानही स्वच्छ होईल. त्यात तथ्याचा अंश आहे. हॅप्ला ही थंड मुलखातील प्रजाती तृणधान्यांवर वाढत नाही. जपानमध्ये ‘ताचिइबुकी’ नावाचा ओटचा वाण इन्कॉग्निटाची संख्या दाबण्यासाठी वापरला गेला आहे. पण इन्कॉग्निटा आणि जावानिका यांच्या बाबतीत ओटचे सगळे वाण सारखे नसतात. काहींच्या मुळांत कृमी जेमतेम जगतो, काहींच्या मुळांत सुखाने अंडी घालतो.

१८/२४
यात हवामानाचा आणखी एक पेच आहे. कॅलिफोर्नियातील अभ्यासांत दिसले की माती १८ अंशांच्या खाली गेल्यावर तृणधान्य पेरले, तर इन्कॉग्निटाची पिल्ले मुळीत फारशी शिरतच नाहीत. तिथे हिवाळी पिकाचे श्रेय निम्मे वाणाला आणि निम्मे थंडीला जाते. नीराकाठच्या रब्बीत मातीला इतका सलग गारवा क्वचितच मिळतो. म्हणून परदेशातील ओटचा निकाल जसाच्या तसा इथे उतरवणे म्हणजे तिथले श्रेय इथल्या वाणाला उधार देणे. ओट नक्की पेरावा. पण ‘ओट’ या नावावर विसंबून नव्हे, तर अमुक वाण, अमुक प्रजाती, आपल्या जमिनीतली चाचणी, या क्रमाने. चाऱ्याचे उत्पादन जास्त म्हणून निवडलेला वाण कृमीचे पीकही जास्त देऊ शकतो.

१९/२४
औषधांचा इतिहास तर याहून कठोर आहे. १९४३ मध्ये हवाईच्या अननस मळ्यांत वॉल्टर कार्टर यांनी ‘डी-डी’ हे मिश्रण जमिनीत सोडले आणि धुरीकरणाचे युग सुरू झाले. त्यानंतर आलेले ‘डीबीसीपी’ स्वस्त आणि प्रभावी होते. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील कारखान्यातले कामगार त्यामुळे वंध्य झाल्याचे उघड झाले. मध्य अमेरिकेतील केळीच्या मळ्यांतील मजुरांनीही तेच भोगले. १९७९ मध्ये अमेरिकेने त्यावर जवळपास पूर्ण बंदी घातली. भारतात फोरेट, ज्याला बोलीत ‘थायमेट’ म्हणतात, ते २०१८ च्या आदेशानुसार २०२० च्या अखेरीस बंद झाले. त्याआधी किती मजुरांनी ते दाणे उघड्या हातांनी टाकले, याचा हिशेब कोणी ठेवला? प्रत्येक पिढीला ‘एकच रामबाण’ विकला गेला आणि प्रत्येक वेळी बिल दुसऱ्याच्या नावावर फाटले.

२०/२४
डाळिंबाची कथा इथे येऊन मिळते. १९३६ मध्ये गणेशखिंड येथील बागेत डॉ. चीमा यांनी आळंदी प्रकारातून निवडलेली जात पुढे ‘गणेश’ म्हणून प्रसिद्ध झाली. १९९० मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आणली आणि कोरडवाहू रानांत डाळिंब झपाट्याने पसरले. नंतर आलेल्या ‘भगवा’ जातीच्या वंशातही ‘गणेश’ आहेच. गणेश काय, भगवा काय, दोन्ही सूत्रकृमीला बळी पडतात. झाड बियांपासून होत नाही. गुटी कलमे बांधून, मातीच्या पिशवीत वाढवून, टेम्पोने गावोगाव जाते. पिशवीतल्या मातीबरोबर कृमीही जातो. योजनेने खड्डे मोजले, रोपे मोजली, अनुदान मोजले. पिशवीतल्या मातीत काय आहे, हा रकाना फॉर्मवर नव्हता.

२१/२४
यावर एक प्रामाणिक आक्षेप येईल : ‘दोन-चार एकरांचा धनी बेवडासाठी रान मोकळे कसे ठेवील? बँकेचा हप्ता उन्हाळ्यात थांबत नाही.’ आक्षेप रास्त आहे. १८७५ मध्ये सुप्यात रोखे जाळणाऱ्यांचाही प्रश्न हाच होता : निसर्गाचे चक्र आणि कर्जाचे चक्र जुळत नाही. म्हणूनच हा भार एकट्या शेतकऱ्याच्या शहाणपणावर टाकणे ढोंगीपणाचे आहे. परंतु याच आक्षेपातून उलट निष्कर्षही निघतो. ज्याला एक बाग वाया जाणे परवडत नाही, त्यालाच लागवडीपूर्वीची तपासणी सर्वाधिक हवी. गाठी दिसल्यावर काढलेली बाग, गेलेली तीन वर्षे आणि डोक्यावर राहिलेले कर्ज, यांच्यापुढे मूठभर मातीच्या तपासणीचा खर्च तो काय?

२२/२४
मग मागणी काय असावी? पहिली : फळबाग लागवडीपूर्वी माती परीक्षणात सूत्रकृमींची मोजणी सक्तीची आणि अनुदानित. दुसरी : रोपवाटिकेतील रोपांना मुळांच्या तपासणीशिवाय विक्रीची मुभा नको, आणि दोष आढळल्यास भरपाईची जबाबदारी विकणाऱ्याची. तिसरी : ‘प्रतिकारक’ हा शब्द प्रजातीच्या आणि तापमानाच्या उल्लेखाशिवाय छापण्यास मनाई. चौथी : ओट, मका, ज्वारी यांच्या स्थानिक वाणांची इथल्या प्रजातींविरुद्ध चाचणी, आणि निकाल मराठीत, गावपातळीवर. यांतील एकही मागणी चंद्रावरची नाही. झेंडूचे उदाहरण पाहा : नेदरलँड्समधील शेतकऱ्यांचा अनुभव शास्त्रज्ञांनी गंभीरपणे घेतला, १९५८ मध्ये त्याच्या मुळांतले कृमिनाशक द्रव्य वेगळे केले, आणि आज डाळिंबाच्या ओळींत झेंडू दिसतो. अनुभव आणि तपासणी एकत्र आली की असे घडते.

२३/२४
यासाठी नवी संस्था उभारण्याचीही गरज नाही. सूत्रकृमींवरील अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचे केंद्र राहुरीत आहे. डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरात आहे. अजैविक ताणांवरील राष्ट्रीय संस्था २००९ पासून बारामतीजवळ माळेगावात आहे, आणि कृषी विज्ञान केंद्र तर बारामतीतच. ऊस, दूध आणि द्राक्ष यांच्यासाठी याच परिसराने सहकाराची ताकद देशाला दाखवली. जो तालुका उसाच्या टिपऱ्यातील साखरेचा उतारा दशांशापर्यंत मोजतो, त्याला मुळाशी बसलेला कृमी मोजता येत नाही, असे कोणी म्हटले तर तो क्षमतेचा प्रश्न राहत नाही. तो प्राधान्याचा प्रश्न होतो.

२४/२४
१८३६ मध्ये इंदापूरच्या मातीने एका साम्राज्याला चूक कबूल करायला लावली. प्रिंगलचे आकडे काटेकोर होते, तरी रयत परागंदा झाली. मग त्याच रानांत पुन्हा साखळी टाकली गेली, पुन्हा माती हातात घेतली गेली. त्या फेरपाहणीचा हेतू महसुलाचा होता, पण तिचा धडा व्यापक आहे : कागदावरचा निकष शेतात फसला, तर निकष बदलायचा, शेतकऱ्याला दोष द्यायचा नाही. ‘प्रतिकारक वाण’ हा आजचा असाच एक कागदी निकष आहे. तो उपयोगी आहे, अपुरा आहे, आणि अटींशिवाय विकला जात आहे. इंदापूरच्या मातीची दुसरी फेरपाहणी अजून व्हायची आहे. या वेळी साखळीऐवजी सूक्ष्मदर्शक लागेल, आणि प्रतवारी ठरवायची ती सरकारी देण्यासाठी नव्हे, तर पुढच्या वर्षी तिथे कोणते मूळ जगेल हे कळण्यासाठी.